काटा मधात पाहिजे

नवऱ्याचं नाव घ्याची आमच्या घरी पद्धत नाही, पण आज घेते. रुपराव! या माणसानं माह्या डोक्याचा भुगा करून ठेवला आहे. सारा जन्म गेला कळमन्याच्या मंडईत अडत्यांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात. काम सोडलं त माणसानं घरी निवांत बसावं ना! नाही. भंगारातून एक जुना जपानी ट्यूनर उचलून आणला. ट्यूनर म्हणजे नुसता रेडिओचं स्टेशन पकडणारा डब्बा. आवाजासाठी आणखी एक मशीन अन् दोन मोठे स्पीकर लागतात. नंदनवन कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत आता माणसांले जागा नाही.

तेही सहन केलं. पण आज आमच्या दिपालीचा रेडिओवरचा पहिला कार्यक्रम होता, सकाळी अकराले. पोरगी रोज बजावून राहिली होती, "बाबा, लाइव्ह आहे. एकदा बोलली की गेलं. नक्की ऐका." अन् हे म्हणत, "तुहा आवाज मी माह्या ट्यूनरवरच ऐकीन."

सकाळी डब्बा लावला त बोलणं सारं फाटून येऊन राहिलं. झाकण उघडताच यांचं तोंड उतरलं.

"मागच्या डब्बीतले इस्क्रू कोणं फिरवले?"

कालच गावावरून आलेला माहा दीर जयवंता चहा पीत म्हणाला, "मीनं. ढिले दिसले गा दादा, कसून देल्ले."

कसून देल्ले! काय म्हणावं या माणसाले!

"अबे, ते इस्क्रू नाहीत, कॉइलच्या पोटातले गाभे आहेत!" हे कपाळ धरून बसले. अन् मंग, वेळ नाही काळ नाही, भाषण सुरू. "एफएममध्ये आवाज लाटेच्या जोरात नसते. लाट कधी जल्दी येते, कधी हळू, त्या फरकात आवाज असते. कॉइलच्या दोन अंगांले दोन डायोड, आपल्या तराजूची दोन पारडी समज. लाट ठरल्या चालीनं आली त दोन्ही सारखी, काटा मधात. जल्दी झाली त एक पारडं भारी, हळू झाली त दुसरं. हे जे खालीवर होते, तेच स्पीकरमधून बोलते. तू गाभा फिरवला, काटा एका बाजूले पडला. आता त्या अंगाले झुलाले जागाच नाही, म्हणून फाटते."

"ज्ञान मंग पाजा!" मी वरडली. "अकरा वाजून राहिले!"

पण गाभा फिरवाले लोखंडी पेचकस जवळ नेला तरी कॉइल बिघडते म्हणे. म्हणून हे बांबूची काडी तासत बसले. मी मोबाईल घेतला. त्यातल्या रेडिओले कानातली वायर लावा लागते. वायर शोधली, सापडली डब्ब्याच्या मागे, कापलेली. यांनी तिचा अँटेना केला होता!

मंग माहा तोल गेला. "उठता बसता डब्बा! पोरीचं लग्न असतं त अक्षता सोडून तिथला लाउडस्पीकर खोलला असता तुमीनं!"

तेवढ्यात दिपालीचा फाटका आवाज सुरू झाला. ट्यूनरच्या तोंडावर लाट मधात आहे का दाखवणारा काटा असते, त्यावर नजर लावून हे काडी केसभर फिरवत होते. जयवंता "मले काय माईत" म्हणून राहिला होता, अन् मी दोघांले बोलतच होती. काटा सरकत सरकत मधात आला. आवाज असा साफ झाला की जशी पोरगी घरातच उभी आहे. ती म्हणाली, "तर आता ऐकूया आजचं पहिलं गाणं."

गाणं चालू असतानाच तिचा फोन आला. यांनी स्पीकरवर घेतला.

"बाबा! तुमच्याबद्दलच बोलली मी. ऐकलं ना?"

यांनी तिचा आवाज किती फाटते तेवढंच ऐकलं होतं, शब्द एकही नाही. अन् मीनं त माहाच आवाज ऐकला. काय बोलली असेल पोरगी, देव जाणे. आता ते कधीच कळणार नाही.

कळमन्यात या माणसानं कोण्या अडत्यासाठी काट्यात गुंजभर खोट केली नाही. किती जणांचे रुसवे ओढवून घेतले. तोच माणूस आज म्हणाला, "ऐकलं वं पोरी. शब्दन् शब्द ऐकला. तुही आई त डोळे पुसून राहिली."

"खरंच काय वं आई?"

"हो," मी म्हटलं. मी खरंच पुसून राहिली होती.