आनंदाबाईंची उजळणी

मुगाच्या वड्या अर्ध्या घालून झाल्या होत्या. अंगणात बाजेवर जुनं धोतर पसरलेलं, वाटलेल्या डाळीचं पातेलं गुडघ्याशी, तोंडात नामस्मरण आणि हात आपला चाललेला. तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारच्या आनंदाबाई ड्यूटीवरून आल्या. एरवी ही बाई पदर खोचते, हात धुते आणि न सांगता धोतराच्या दुसऱ्या टोकाकडून वड्या घालायला बसते. त्या दिवशी नुसती पायरीवर टेकली.

"काऊन बाई, आज हाताले मेंदी लागली काय?" मी म्हटलं.

"नापास झाली वहिनी मी. या वयात. काल आलेल्या पोरींसमोर."

आनंदाबाई दवाखान्यात नर्स. माहेर समुद्रपूरकडचं, कापूस पेरणाऱ्यांचं. मॅट्रिक होऊन नर्सिंगला गेल्या तेव्हा भावकीत बरीच कुजबुज झाली होती म्हणे. यजमान रूपराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. बाईंची कितीतरी वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. आमच्या बोरगावातली निम्मी पोरं पहिल्यांदा त्यांच्याच हातावर रडली असतील. मग दवाखान्यात मनाच्या आजारांचा वॉर्ड उघडला. तिथं जायला कोणी तयार होईना. "पागलांत कोण जाईन?" असं सगळ्या म्हणत. आनंदाबाई एका महिन्यासाठी म्हणून गेल्या आणि तिथल्याच झाल्या. मी कारण विचारलं होतं, तर म्हणाल्या, "बाळंतीण येते, लेकरू घेते, जाते. इथं माणूस हळूहळू परत येताना दिसते वहिनी. आज आंघोळ केली, उद्या वेणी घातली, परवा हसली. मले ते पाहाले आवडते."

चौऱ्याऐंशी साली त्यांच्या दवाखान्याने नियम काढला. या वॉर्डात राहायचं तर काही वर्षांनी उजळणीचा वर्ग करायचा, शेवटी परीक्षा द्यायची. नाहीतर दुसऱ्या वॉर्डात बदली. मला आधी नवल वाटलं. शिकलेल्या बाईला पुन्हा काय शिकवायचं? पण दर श्रावणात मी तीच पोथी वाचते आणि दर श्रावणात एखादी ओळ नव्यानेच भेटते. तसंच हे असेल, असं मनाशी म्हटलं.

औषधांचा भाग त्यांना सोपा गेला. अडलं ते एका प्रश्नावर. नागपूरहून आलेल्या डॉक्टरांनी शिकवलं होतं, की खचलेल्या माणसाला जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारायचं. परीक्षेत एक नर्स रोगी होऊन समोर बसणार आणि दुसरीने विचारायचं. आनंदाबाईंच्या समोर एक नवी पोरगी होती.

"मी जेवण विचारलं, झोप विचारली," त्या सांगू लागल्या. "मग म्हटलं, तुमच्या मनात कधी... तसं काही येते का? तर ते पोट्टी म्हणते, तसं म्हंजे कसं बाई? सारे हासले. डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात एकदा अजून पाहू. नाई जमलं तर जुन्या वॉर्डात."

"एवढा एक शब्द नाई निघत?"

"तुमच्या तोंडून काढून दाखवा बरं."

मी पुढची वडी घातली. आमच्याकडे घरात अभद्र बोलत नाहीत. वास्तू तथास्तु म्हणते. आनंदाबाईंनी लहानपणी दिवेलागणीला भावाला रागाने तसलं काही म्हटलं, तर आईने एक थापड मारून वर तोंडात गुळाचा खडा कोंबला होता. माझ्याकडेही तेच. मरणाची बातमीसुद्धा आमच्यात उंबऱ्याबाहेर सांगतात.

पण सराव तर हवा होता. मीच डोकं चालवलं. घर ऐकतं ना? मग जिथं घरच नाही तिथं जाऊ. संध्याकाळी आम्ही दोघी वस्तीच्या बाहेर नाल्याच्या पुलावर जाऊन बसलो. मी रोगी झाले, पदर डोक्यावर घेतला, मान खाली घातली. आनंदाबाईंनी घसा साफ केला आणि भीती घालवायला म्हणून इतक्या जोरात विचारलं, की झाडावरचे बगळे उडाले.

"प्रमिलाबाई, तुमाले मरावंसं वाटते काय?"

नेमके त्याच वेळी किराणा दुकानवाले महादेवराव सायकलने पुलावरून चालले होते. त्यांनी एकदा माझ्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं आणि असं पायडल मारलं की विचारू नका.

आम्ही हसत हसत घरी आलो. आनंदाबाई त्यांच्या घरात गेल्या, मी माझ्या. पाहते तर प्रभाकरराव, आमचे हे, स्वयंपाकघरात स्टोव्हपुढे. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने कधी चहा केला नव्हता.

"बस," म्हणाले. "थकली असशीन."

चहात साखर दोनदा पडली होती. मी काही बोलायच्या आत यांचं सुरू झालं. "झोप लागते ना तुले? जेवण जाते? माहेरी जाऊन येतं काय चार दिवस? एखादी साडी घ्याची काय?"

महादेवराव घरी सांगून गेले हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मला हसू आलं.

"विचारा ना काय विचारायचं ते," मी म्हटलं.

यांनी देवघराकडे पाहिलं. दिवा लागलेला होता. मान फिरवून पुन्हा म्हणाले, "साडी घेऊ ना एखादी."

माझं हसू तिथंच विरलं. मनात आलं, मला खरंच काही होत असतं तर? साडीच्या प्रश्नाला मी काय सांगितलं असतं? "घ्या" म्हटलं असतं, भांडी घासली असती, आणि आतलं आतच राहिलं असतं. हा माणूस मायेने माझ्याभोवती फिरत होता, पण जवळ येत नव्हता.

खरं काय ते मी यांना सांगितलं. मग भिंतीवरून आनंदाबाईंना हाक मारली आणि देवघरापुढे पाट मांडला.

"इथं विचारा."

"दिवा लागला वहिनी!"

"लागू द्या. वास्तू प्रश्नाले तथास्तु म्हणत असन, तर उत्तरालेही म्हणन. अन् आपण कशापायी विचारून राह्यलो, हे देवाले कळत नाई काय?"

हे मला कसं सुचलं, ठाऊक नाही. देवच वदवून घेतो असं मी मानते. आनंदाबाईंनी आधी देवाला हात जोडले. मग माझ्याकडे वळल्या. पुलावरचा आवाज नव्हता आता, नेहमीचाच होता.

"वहिनी, तुमाले कधी मरावंसं वाटते काय?"

"नाही" हे उत्तर माझं ठरलेलं होतं. तरी ते द्यायला मला क्षणभर थांबावं लागलं. आजवर मला कोणी हे विचारलंच नव्हतं. एवढी वर्षं संसार केला, दुखणी काढली, माणसं पोचवली. छातीवरचं काहीतरी हलकं झालं.

"नाई," मी म्हटलं. "पण विचारलं ते बरं केलं."

"अन् माह्या चहाचं काय?" आतून यांचा आवाज आला. "कोणी पिणार आहे का नाई?"

त्यानंतर रोज दिवेलागणीला आमची उजळणी चाले. विचारणं जमलं, तेव्हा विचारल्यावर गप्प बसणं जमेना. आनंदाबाई घाईने स्वतःच "नाई ना? नाई ना?" म्हणून टाकत. मी रागवायची, "मले बोलू तर द्या, माय!" तेही हळूहळू जमलं. हे एका कोपऱ्यात पेपर धरून ऐकत बसायचे. वाचत काही नव्हते.

काल परीक्षा झाली. आज दुपारी आनंदाबाई आल्या, मी तांदूळ निवडत होते. सरळ समोर बसल्या आणि सुपातले खडे वेचू लागल्या. मी समजले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काय म्हणतीन? मान हलवली, पुढचं नाव घेतलं. त्याच वॉर्डात ठेवलं मले." थोडा वेळ खडे वेचून झाल्यावर म्हणाल्या, "वहिनी, कोकिळा म्हणून एक पोरगी होती आमच्या वॉर्डात, पार खचलेली. चांगली होऊन घरी गेली, पण औषध न्याले काई आली नाई. घरचे कळवतात, सारं ठीक आहे, खाते-पिते, काळजी करू नका. पण तिले कोणी विचारलं का, हे कोणी सांगत नाई. डॉक्टरांनी जा म्हटलं आहे."

"तिच्या घरात विचारसान?"

"तिच्याच घरात."

उद्या सकाळच्या एसटीने आनंदाबाई समुद्रपूरला कोकिळाच्या घरी जाणार आहेत.