राजा कोण, साल कोणतं

बाळांनो, तुम्ही दर शनिवारी सामान्यज्ञानाचे प्रश्न, सिनेमातले संवाद आणि यमकाची कोडी असा खेळ मांडता, असं तुमच्या आईनं कळवलं. उत्तर आलं नाही की धाकटी रुसून बसते, हेही कळवलं. म्हणून हे लिहिते आहे.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आम्ही खालापूरला राहत होतो. मामंजी कचेरीत कारकून आणि सासूबाई कळंबच्या शेतकरी घरच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, मी मॅट्रिक. पण दुपारी तांदूळ निवडताना त्या यमक जुळवून कोडी घालत, आणि दहातली चारसुद्धा मला सुटत नसत. चुकीचं उत्तर मात्र त्यांना क्षणभरही सहन होत नसे.

त्या साली त्यांना विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं, बोलणं एकदोन शब्दांचं. कर्जतहून डॉक्टर आले. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो.

"बाई, हे साल कोणतं?"

सासूबाई आढ्याकडे बघत राहिल्या.

"आज तारीख काय? आपला राजा कोण?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टर बाहेर येऊन हळूच म्हणाले, "तापाचा मेंदूवर परिणाम झालेला दिसतो. मुंबईला न्यावं लागेल." मामंजींनी दुसऱ्या दिवशी सकाळसाठी कर्जत स्टेशनापर्यंत बैलगाडी सांगितली आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. जेवलेसुद्धा नाहीत.

मी एकेक प्रश्न मनात पुन्हा तपासला. तापाआधी तरी यातलं काय त्यांनी सांगितलं असतं? मग सूप घेऊन खाटेशी बसले आणि त्यांचंच एक कोडं मोठ्यानं म्हटलं:

"खालची बसली, वरची फिरली,
दोघींच्या मधून पांढरी झरली.

सुटलं बघा मला. डेरा आणि रवी."

मी तांदूळ निवडत राहिले. "रवीच. मधून लोणी येतं ना."

"लोणी कुठं झरतंय गं?" भिंतीकडूनच आवाज आला. "आन् रवी डेऱ्याच्या आत बुडते, वर नाय बसत. जातं हाय ते. मॅट्रिक झालीस कशी?"

सूप बाजूला ठेवून मी मामंजींना हाक मारली. ते धावत आले, सगळं ऐकलं आणि खाटेच्या कडेवर बसले.

"अगं, मग डॉक्टरांपुढं का गप्प राहिलीस?"

"साल मला कधी ठाऊक होतं? आपली म्हैस दुसऱ्यांदा व्याली ते साल, येवढं ठाऊक. तसं सांगितलं असतं तर हसला असता तो. आन् ही शिकलेली सून समोर उभी."

मी मान खाली घातली. मामंजींनी उपरण्यानं डोळे पुसले. "तारीख मलासुद्धा कचेरीतल्या भिंतीवर बघूनच कळते," ते म्हणाले, आणि गाडीवाल्याला नको म्हणून सांगायला स्वतः निघाले.

मी चुलीवर पेज टाकली.

"मीठ घाल वाईच," खाटेवरून आवाज आला. "तीन आठवडे अळणी गिळतेय."

त्यांनी दोन वाट्या पेज घेतली. मग मामंजीही जेवायला बसले.