सूर्य मावळला होता का?

माझ्या बायकोला तारीख विचारली की ती उलट विचारते, "कुठली?" तिच्याकडे दोन असतात. एक सगळ्या जगाची, एक चंद्राची. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. गिऱ्हाइकाला 'उद्या येतो' सांगायचं आणि परवा उगवायचं, एवढाच माझा तारखांशी संबंध. पण या दोन तारखांवरून आमच्या घरात जे झालं ते मी जवळून पाहिलंय. ही स्वतः ते कुणाला सांगायची नाही, म्हणून मी सांगतो.

ही एका कंपनीत हजेरीच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिते. कामगार यंत्रावर बोट टेकवतो, यंत्र वेळ टिपतं, आणि नऊ वाजून अकरा मिनिटांनी आलेल्याचा अर्धा दिवस कापला जातो तो हिच्या कृपेने. सतरा वर्षं तेच काम. घरीही तोच खाक्या. सातला येतो म्हणून मी सव्वासातला आलो की दारातच माझी हजेरी घेतली जाते.

सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांचा सगळा कारभार चंद्रावर. सकाळी चहाचा कप हातात आला की पहिला प्रश्न, "आज चंद्राची किती?" भिंतीवरच्या कॅलेंडरात ती तारीख मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली, त्यांना दिसत नाही. शिवाय कॅलेंडर छापणारा वर्षाच्या सुरुवातीलाच बाराही महिने छापून मोकळा होतो. चंद्राचं तसं नसतं. एकोणतीस तारखेच्या संध्याकाळी तो दिसला तर महिना संपला, नाही दिसला तर आणखी एक दिवस. छापील तारीख आणि खरी तारीख यांची फारकत झाली की सासूबाई महिनाभर त्या छापणाऱ्याचा उद्धार करत बसायच्या.

शेवटी हिनेच वैतागून ठरवलं की अम्मीच्या फोनवर चंद्राची तारीख मोठ्या अक्षरांत दाखवणारं ॲप करायचं. रोज पहाटे पाच ते सात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एकीकडे कुकर आणि एकीकडे लॅपटॉप. आठ महिने लागले. अमावस्या कधी, त्यानंतर चंद्र डोळ्यांना कधी दिसेल, हे गणित तिने मला दोनदा समजावलं आणि मग माझा नाद सोडला. मला कळलं ते एवढंच, की एकोणतीस तारखेला ते ॲप उद्याच्या जागी चक्क प्रश्नचिन्ह दाखवतं. कुणी 'चंद्र दिसला' हे बटण दाबलं की मगच पुढची तारीख येते. मी म्हटलं, "एवढं शिकून प्रश्नचिन्हच काढायचं होतं?" ती म्हणाली, "जे माहीत नाही ते माहीत आहे असं दाखवायचं नाही."

त्यात आणखी एक पान होतं. जुनी कुठलीही तारीख घाला, चंद्राची कोणती होती ते सांगणार. लोकांना तेच जास्त आवडलं. जन्म, लग्नं, मरणं, सगळं त्यात घालून बघायला लागले. नातेवाईक झाले, नातेवाइकांचे शेजारी झाले, वर्षभरात चार हजार लोकांच्या फोनात ते जाऊन बसलं. त्यातल्या शंभरेकांच्या फोनात मी स्वतः घालून दिलंय. फ्रिज दुरुस्त होईपर्यंत माणूस कुठे पळणार?

आता हिच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. गावात पहिला कॉम्प्युटर क्लास निघाला तेव्हा त्याची पाटी त्यांनीच रंगवली आणि मजुरी म्हणून वर्गात मुलीसाठी जागा मागून घेतली. घरात तोवर कुणी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. वर्ष संपत आलं तसे ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या परीक्षेचा दिवस आला तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. पेपर संध्याकाळी पाच ते सात. ही जायला तयार नव्हती. वडिलांनी डोळे वटारून पाठवलं. साडेचारला निघाली, पेपर संपवून साडेसातला परत आली, तर घर माणसांनी भरलेलं.

सासूबाईंनी तिला जवळ घेऊन सांगितलं, "तू कोपऱ्यावरसुद्धा पोचली नसशील, तोवर गेले. झोपेतच."

हे वाक्य हिने बावीस वर्षं जपलं. लग्नानंतर मला ते तिने चार-पाचदा तरी सांगितलं असेल. थंडीत दिवस लवकर मावळायला लागला की ते निघायचंच. शेवट ठरलेला, "मी निघाले आणि लगेच गेले हो. म्हणजे माझी वाट बघत तळमळले नाहीत." तेवढ्या एका गोष्टीवर तिने वडिलांचं जाणं सोसलं होतं, हे मला ठाऊक होतं.

ॲप तयार झाल्यावर हिने हौसेने आईला ते पान दाखवलं. वडील गेले ती तारीख घातली. उत्तर आलं, रज्जब महिन्याची सोळा.

"सतरा," सासूबाई म्हणाल्या.

"अम्मी, हे गणित आहे."

"असू दे. सतरा. दरवर्षी सतरालाच मी त्यांच्यासाठी दुआ करते."

"मग दरवर्षी एक दिवस चुकतेस."

"नवरा माझा गेला होता, तुझ्या फोनचा नाही!"

मी पाना आणि गॅसची नळी उचलून दुकानात निघून गेलो. दोघींच्या मध्ये पडायचं नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच शिकलोय.

पण हिला चैन पडेना. त्या महिन्यात चंद्र गणिताच्या एक दिवस आधी दिसला असेल तर आईचं बरोबर निघू शकत होतं. मशिदीच्या कचेरीत चंद्राची वही असते. दर महिन्याला चंद्र कुणी पाहिला, कुठून पाहिला, याची नोंद. रविवारी मला घेऊन ती तिथे गेली. कारकुनाने कपाट उघडून बावीस वर्षांपूर्वीची वही काढली, फुंकर मारली, आणि आम्हा दोघांनाही शिंका सुटल्या. नोंद सापडली. 'एकोणतीस तारीख. साबणवाल्यांच्या गच्चीवरून दोघांनी पाहिला. आकाश स्वच्छ.' शेजारी लिहिलेली जगाची तारीखही गणिताशी जुळत होती, म्हणजे ॲप बिनचूक होतं. सोळाच.

ही त्या पानाचा फोटो काढून आईकडे गेली, चेहऱ्यावर विजयाची टवटवी. सासूबाईंनी फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग फोन परत देत म्हणाल्या, "असेल बाई. सोळा तर सोळा. माझं वय झालं."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. या बाईने एकदा मीटरचं रीडिंग घेणाऱ्याशी तीन महिने वाद घालून त्याला चूक कबूल करायला लावली होती. पडती बाजू घेणं त्यांच्या रक्तात नाही. पण घरात शांतता झाली म्हणून मी खूश. आणि ही तर जिंकलेलीच.

मग एका नर्सचा संदेश आला. ती कुठल्याशा प्रसूतिगृहात कामाला होती आणि बाळाच्या आईला चंद्राची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यायची. तिने लिहिलं होतं, 'मॅडम, संध्याकाळी आठला जन्मलेली बाळं तुमच्या ॲपमध्ये एक दिवस आधी जन्मतात. काल एका आजीने सगळ्या वॉर्डासमोर माझी खरडपट्टी काढली. कृपा करून बघावे.'

ही वाचता वाचता थांबली आणि कपाळावर हात मारून घेतला. चंद्राच्या तारखेचा दिवस सूर्यास्ताला बदलतो. सूर्य मावळला की पुढची तारीख लागली. घरातल्या लहान पोराला माहीत असलेली गोष्ट, हिलाही जन्मापासून माहीत. पण सतरा वर्षं जिने यंत्रांना दिवस मध्यरात्री बाराला बदलायला शिकवलं, तिने इथेही नकळत बारालाच बदलला. चार हजार लोकांत जो कुणी सूर्यास्त आणि मध्यरात्र यांच्यामध्ये जन्मला किंवा गेला, त्या प्रत्येकाला तिने एक दिवस मागे नेऊन ठेवलं होतं.

आठवडाभरात तिने दुरुस्ती केली. त्या पानावर तारखेखाली एक प्रश्न आला, 'सूर्य मावळला होता का?' आणि खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

शनिवारी सकाळी ती तपासणी करत बसली होती. मी समोर चहा पीत होतो. आमच्या मुलीचा जन्म सकाळी दहाचा, तारीख तीच राहिली. माझा जन्म दिवेलागणीनंतरचा, असं आई सांगायची. माझी तारीख सेहेचाळीस वर्षांनी एका दिवसाने पुढे सरकली. मला काही विशेष वाटलं नाही. मग तिने वडिलांची तारीख घातली आणि 'नाही' दाबलं. सोळा. आणि केवळ बटण चालतंय का बघायला 'हो' दाबलं.

सतरा.

तिने परत 'नाही' दाबलं, परत 'हो' दाबलं. चार-पाच वेळा. मला वाटलं ॲप अडकलं.

"अहो," ती म्हणाली, "अम्मी कधी तारीख चुकते का?"

"चंद्राची? कधीच नाही."

"मग अब्बा साडेचारला गेले नाहीत."

सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ही दारातच उभी राहिली. मी तिच्या मागे.

"अम्मी, अब्बा गेले तेव्हा सूर्य मावळला होता का?"

सासूबाईंनी हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी पूर्ण केली. "सोळा कबूल केली होती ना मी? घ्यायची होतीस गुमान."

"मावळला होता का?"

"नुकताच. दिवा लावायला उठले होते मी."

ही खाली जमिनीवरच बसली. सासूबाई घड्या घालत बोलत राहिल्या, कुणाकडे न बघता.

"शुद्धीवर होते. तुला विचारत होते. शेजारचे चाचा म्हणाले, सायकलवर जातो, पाच मिनिटांत पोरीला घेऊन येतो. तर यांनी त्यांचा हात धरून ठेवला. म्हणाले, पेपर पुरा होऊ दे. मला विचारलं, सुटायला किती वेळ आहे? मी म्हटलं, एक तास. म्हणाले, मग थांबतो." घडी घातलेला टॉवेल त्यांनी उगाच उलगडला. "नाही जमलं त्यांना."

त्यांनी टॉवेलची परत घडी घातली. मग म्हणाल्या, "मी पाठवायला हवं होतं चाचांना. त्यांचं ऐकायला नको होतं. तू आलीस ती पेपर चांगला गेला हे सांगायच्या बेतात. तुझं तोंड बघून मला नाही सांगता आलं. चाचांनाही मीच गप्प केलं."

बावीस वर्षं या बाईने ताकास तूर लागू दिली नव्हती.

"वेळ खोटी सांगितलीस," ही म्हणाली, "मग तारीख का नाही सांगितलीस खोटी?"

"वेळ तुझ्यासाठी होती. तारीख त्यांची आहे. त्या तारखेला मी त्यांच्यासाठी दुआ करते. ती कशी खोटी सांगू?"

ही उठून गेली. चार दिवस आईशी बोलली नाही. मला म्हणाली, "ते वाट बघत होते आणि मी तिकडे कोरे कागद भरत होते. आणि वर बावीस वर्षं बरं वाटून घेत होते." मला तिची दया आली आणि सासूबाईंचीही आली, आणि कुणाची बाजू घ्यावी ते कळेना म्हणून मी बाहेरच जास्त राहिलो. पाचव्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं, "आज चंद्राची किती?" फोन त्यांच्या पुढ्यातच होता, मोठ्या अक्षरांचा. हिने तारीख सांगितली. मग कप घेऊन त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आणखी काय काय म्हणाले ते सांग." त्या दिवशी तिला कामावर जायला उशीर झाला. तिच्याच यंत्राने तिचा अर्धा दिवस कापला.

दुरुस्त केलेलं ॲप लोकांना गेलं. नर्सने आभार कळवले. ॲपमध्ये घालून ठेवलेल्या आठवणीच्या तारखेला फोनवर घंटा वाजते, तीही हिने बदलली. पूर्वी ती मध्यरात्रीनंतर वाजायची, आता सूर्यास्ताला वाजते, कारण तारीख तेव्हा लागते.

त्यानंतर रज्जब आला. सोळा तारखेच्या संध्याकाळी मी दुकानातून लवकर आलो होतो. सासूबाई खिडकीपाशी बसलेल्या, ही कणीक मळत होती. बाहेर उजेड गेला आणि सासूबाईंच्या फोनची घंटा वाजली. पडद्यावर मोठी अक्षरं आली, 'रज्जब १७'. खाली वडिलांचं नाव.

सासूबाईंनी फोन बघितला, मग खिडकीबाहेर बघितलं.

"बरोबर आहे तुझं यंत्र," त्या म्हणाल्या. "एवढ्यालाच गेले."

हिने हात धुतले आणि खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली.

"तेव्हा पेपर सुटायला तास होता ना?"

"हो."

"मग बसू तासभर."

पोळ्या मी केल्या. वेड्यावाकड्या झाल्या. दोघी खिडकीशी बसून होत्या. ही उठली ती बरोबर एका तासाने.