घंटेचं नाव

चिंचेचा कोळ पितळेवर चोळला की एक आंबट, धातूचा वास येतो. आज इथे परदेशात, गुंगालिन या आमच्या उपनगराच्या थंडीत देवघरातली घंटा घासताना तो आला आणि बऱ्याच वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

तेव्हा सिंकपाशी माझी बायको नीला हीच घंटा घासत होती. शेजारच्या हेल्गाबाई त्यांच्या झाडाची लिंबं घेऊन आल्या होत्या. त्यांनी घंटा हातात घेऊन विचारलं, "हिचं नाव काय?"

"घंटेचं नाव?" नीला हसली.

"आमच्या जर्मनीत चर्चच्या घंटांना नावं असतात. आमच्या गावची आना. संध्याकाळी ती वाजली की आई म्हणायची, आना बोलावतेय, चला घरी."

नीलाने खुर्चीत वाचत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. "मग हिचं नाव 'जेवायला चला'. नैवेद्याची घंटा वाजल्याशिवाय आमचे हे काही हातातलं पुस्तक मिटत नाहीत!"

हेल्गाबाईंनी अर्थ समजून घेऊन ते मराठी नाव दोनदा म्हणून पाहिलं. "चांगलं नाव आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. त्या गांभीर्याचं मला तेव्हा हसू आलं होतं. आज वाटतं, त्या एकट्यांनाच ते नाव नीट कळलं होतं.

नीला गेल्यापासून मी घंटा वाजवली नव्हती. आज वरणभात देवापुढे ठेवला आणि वाजवली. आवाज तोच होता. तो विरायच्या आत मी सवयीने टेबलावरचं पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.