फ्रेम धरायला एक माणूस

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच मान्य करतो. आयुष्यभर मी इतरांनी लिहिलेले शिकवले. स्वतःचे म्हणून काही कागदावर उतरवण्याची ही पहिलीच वेळ, तीही उतारवयात, आणि विषय तर एका वाकलेल्या सायकलीचा. हे धाडस ज्यांना खटकेल त्यांनी क्षमा करावी.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी मी रहिमतपूरजवळच्या आमच्या गावाहून सांगलीच्या एका महाविद्यालयात अध्यापक म्हणून रुजू झालो. विश्रामबागेत एक खोली घेतली. दिवाळी आली तरी माझे बोलणे वर्गातले व्याख्यान आणि खानावळीतले ‘पुरे’ यांपलीकडे फारसे गेले नव्हते. सुट्टीवरून परतताना घरची सायकल एसटीच्या टपावर घालून आणली. वाटेत कोणीतरी तिच्यावर ज्वारीची पोती रचली, आणि सांगलीला ती खाली उतरली तेव्हा तिची फ्रेम वाकलेली होती. चालवताना ती सतत डावीकडे ओढ घेई.

खोलीजवळ पिठाच्या गिरणीला लागून सायकलचे दुकान होते. दुकानदार साधारण माझ्याच वयाचा. रविवारी सकाळी त्याने चाके आणि हँडल उतरवून फ्रेम मोकळी केली. मग मागच्या एका टोकापासून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून बांधली. सीटखालच्या नळीपासून सुतळीचे अंतर दोन्ही बाजूंना सारखे हवे. आमच्या सायकलीला एकीकडे एक बोट जेमतेम शिरत होते आणि दुसरीकडे दोन बोटे सैल जात होती.

“पुढं तुमी धरा,” तो म्हणाला, “मी पहार घालून वढतो. पन मागं दाबून धरायला आनखी एक मानूस पायजे. माजा भाऊ असतो, त्यो गेलाय जतला पावन्यांकडं. तुमी आना कुनाला तरी.”

“मी?”

“मग? सायकल तुमचीच हाय न्हवं?”

मी रस्त्यावर आलो. ओळखीची माणसे नव्हती असे नाही. घरमालक होते, पण त्यांना काठीशिवाय उभे राहता येत नसे. खानावळीचा मालक होता, पण जेवणाच्या वेळेखेरीज त्याच्याशी काय बोलावे हे मला ठाऊक नव्हते. ‘चला, माझी फ्रेम धरा’ असे ज्याला म्हणता येईल, असा कोण? गणित शिकवणारे एक ज्येष्ठ सहकारी मला भेटले की आवर्जून थांबत. त्यांचेच घर गाठले.

“या, या! आज कुठे वाट चुकलात?” असे म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली. वहिनींनी चहा आणला. मी कपाकडे पाहत वाक्य जुळवत राहिलो.

“एक विचारायचं होतं.”

“विचारा की.”

“सहामाहीच्या उत्तरपत्रिका... कधीपर्यंत द्यायच्या आहेत?”

“शनिवारपर्यंत. अहो, त्या नोटिशीवर पहिली सही तुमचीच आहे!”

ते हसले, मीही हसलो. ‘आता दळणाला जायचं आहे, नाहीतर दुपारी उपास घडेल,’ असे ते म्हणाले तेव्हा मला वाटले, हीच वेळ. मी उठलो, नमस्कार केला आणि निघालो.

“काय, मिळालं का कोन?” दुकानदाराने विचारले.

“घरी नव्हते.”

“आवं मास्तर, येवढ्या मोठ्या गावात तुमचा येकच मानूस?”

त्याने हे थट्टेने म्हटले आणि तो दुसऱ्या कोणाचे पंक्चर काढायला बसला. मी बाकावर बसून राहिलो. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाने आपण होऊन थांबावे, असे मला फार वाटत होते. हाक मात्र मी एकालाही मारली नाही.

थोड्या वेळाने कॅरिअरवर ज्वारीचा डबा बांधून गणिताचे सर गिरणीकडे आले. मी मान खाली घातली. दुकानदाराला त्यांची माझी ओळख ठाऊक नव्हती.

“आवं सर, जरा हात लावता का? ह्यांचा मानूस घरात न्हाई म्हनं.”

सरांनी आधी फ्रेमकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“घरात नाही? अरे, घरातच होता की! चहासुद्धा पाजला त्यानं ह्यांना.”

दुकानदाराला हसू आवरेना. सरांनी बाह्या सारल्या आणि मागची बाजू गुडघ्याखाली दाबून धरली, मी पुढची. दुकानदाराने पहारीला हिसका दिला, सुतळी पाहिली, पुन्हा दिला. लोखंड थोडे मागे येते, म्हणून सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावे लागते. बघता बघता दोन्ही बाजूंचे अंतर सारखे झाले.

“चहाच्या आधी सांगायचं की हो,” सर हात पुसत म्हणाले. “आणि संध्याकाळी येत जा घरी. पत्त्यांना चौथा भिडू कमीच पडतो आम्हाला.”

मी ‘हो’ म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो.

सायकल पुढे कितीतरी वर्षे सरळ चालली. रोज संध्याकाळी मी त्यांच्या गल्लीवरून जात असे. खिडकीत दिवा दिसे, पत्ते पिसल्याचा आणि हसण्याचा आवाज येई. बोलावणे खरे होते, हे मला कळत होते. तरी वेग कमी करण्यापलीकडे माझ्याने काही झाले नाही. काही दिवसांनी तिथे एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. त्यांना चौथा भिडू मिळाला होता.

निवृत्तीनंतर मी साताऱ्यात एकटा राहतो. गेल्या आठवड्यात भिंतीला ओल आली म्हणून पुस्तकांचे कपाट थोडे पुढे ओढायचे होते. एक टोक मी धरले असते. शेजारी एक तरुण जोडपे राहते. जिन्यात दिसले की दोघेही हसून बोलतात. मी त्यांच्या दारापर्यंत गेलो, आतला रेडिओ ऐकत थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. कपाट अजून भिंतीलाच आहे आणि खालच्या फळीवरची पुस्तके दमट झाली आहेत.

अशा वेळी तुम्ही दार वाजवून पहिले वाक्य काय बोलता?