सोबत कोण आहे?

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी देवावर रुसलो होतो. बायको गेलेली, मूलबाळ नाही, आणि त्यात जळगावच्या डॉक्टरांनी उजव्या फुप्फुसात कर्करोगाची लहानशी गाठ दाखवली. छाती उघडून ऑपरेशन करावं तर माझं हृदय धड नव्हतं. म्हणून मुंबईला जाऊन बारीक सुईनं गाठ जागच्या जागी गोठवायचं ठरलं. आमच्या फैजपुरात कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर माणसं शेवटचं दर्शन घ्यायला आल्यासारखी रांगेनं आली असती. आणि गोठवणार म्हणजे मला अख्ख्यालाच गारठवणार, असं मी धरून चाललो होतो. थंडीनं केळीची बाग कशी काळवंडते, ते जन्मभर पाहिलेलं. ऐन वैशाखात पिशवीत स्वेटर, मफलर आणि घोंगडी भरून निघालो.

दवाखान्यात नर्सनं पहिलंच विचारलं, "काका, सोबत कोण आहे?"

कुणीच नाही म्हटल्यावर ती नरमाईनं म्हणाली, "घरचं माणूस असल्याशिवाय नाही करता येणार. पुढची तारीख घ्या."

गाठ काही तारखेसाठी थांबत नाही. पिशवी कवटाळून बाकावर बसलो. इतकं एकटं मला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. मनात म्हणालो, देवा, आता तूच बघ, माझ्याच्यानं होत नाही.

"भाऊ, तुम्ही कोठला शेतस?" शेजारच्या बाईनं विचारलं. मुंबईत आपली खानदेशी बोली ऐकून मी कवटाळलेली पिशवी खाली ठेवली. ती धुळ्याची, देवपूरची. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि उठून सरळ नर्सपुढे उभी राहिली. "मी शे ना यासना संगे. बहीण शे." मग परत बाकावर टेकत मला म्हणाली, "जा भाऊ, मी आठेच बठेल शे."

आत गारठा नव्हताच. माझ्या पिशवीची गोष्ट ऐकून डॉक्टर पोटभर हसले. जागा बधिर करून त्यांनी फासळ्यांमधून सुई घातली, गाठीभोवती बर्फ धरवला, वितळू दिला, पुन्हा धरवला. ते सांगतील तेव्हा श्वास रोखायचा, सांगतील तेव्हा सोडायचा. जन्मभर सगळं माझ्याच हातात आहे म्हणून धडपडत आलो, आणि इथे श्वाससुद्धा माझ्या मर्जीचा नव्हता. नवल म्हणजे भीती वाटली नाही. बाहेर आपलं कुणी बसलंय, एवढंच मनात होतं.

संध्याकाळी नर्सकडून कळलं. त्या अक्काच्या नवऱ्याला त्याच सकाळी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, आता उपाय नाही म्हणून. दुपारची गाडी सोडून ती माझ्यासाठी थांबली होती. मला एका शब्दानं बोलली नाही.

पुढच्या तपासणीत गाठ निपचित दिसली. पुढचं ठाऊक नाही. तिचा नवरा पोळ्याच्या आधी गेला. देवपूरला जाऊन भेटलो, तर त्या सुन्या घरात तिनं मला जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. परतताना एरंडोलला उतरून पद्मालयाला गेलो. तिथे एकाच गाभाऱ्यात दोन गणपती शेजारी-शेजारी बसलेत. स्वतःसाठी मागायला काही सुचलं नाही. तो ठेवील तसं राहायचं, एवढं आता कळलंय. हात जोडून इतकंच म्हणालो, "तुम्ही दोघं आहात. एकानं देवपूरला जाऊन बसा."