परत न आलेल्या स्त्रियांची यादी

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. डॉ. सकीना पेवेकर या महिनाअखेरीस वयाची साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. त्याच दिवशी त्या आमच्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागाच्या प्रमुखपदावरून निवृत्त होत आहेत. निवृत्तीनंतरही त्यांनी आठवड्यातून एक सकाळ निवासी डॉक्टरांना स्तनांच्या क्ष-किरण प्लेटा वाचायला शिकवावे, अशी विनंती विभागाने त्यांना केली होती. ती त्यांनी नाकारली आहे. हा गौरवलेख आहे आणि त्यातली कृतज्ञता मनापासूनची आहे. परंतु हा नकार चुकीचा आहे असे माझे मत असल्यामुळे तेही मी येथेच, त्यांच्या सर्व सुहृदांसमक्ष मांडणार आहे.

मॅडमची आणि माझी पहिली भेट सात-आठ वर्षांपूर्वीची. बेलापूरच्या आमच्या इमारतीला तेव्हा बाहेरून रंगही लागला नव्हता. मी सुवर्णपदक घेऊन रुजू झालो होतो आणि ते पदक माझ्या बोलण्यात, चालण्यात सर्वत्र होते. पहिल्याच सकाळी मॅडमनी मला एक प्लेट उजेडाच्या पेटीवर लावायला सांगितली. मी ती लावली आणि तिच्यातील एका धूसर सावलीचे आकार, कडा, घनता या क्रमाने निर्दोष वर्णन केले. मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, सुती फडके उचलले आणि त्या जागेवरून एकदाच फिरवले. सावली नाहीशी झाली.

“आपटे, तुमच्या अंगठ्याचं वर्णन सुरेख केलंत,” त्या म्हणाल्या. “आता बाईचं करा.”

त्या दिवसापासून मी प्लेट कडेने धरतो.

या गौरवग्रंथातील अन्य लेखांत मॅडमच्या ‘ऋषितुल्य’ वृत्तीचा उल्लेख येईल, अशी मला भीती आहे. तो शब्द आळशी आहे. मॅडम चहा फार पितात, मोठ्याने हसतात आणि अस्पष्ट अहवाल लिहिणाऱ्याला सर्वांदेखत टोमणा मारतात. रमजानच्या महिन्यात स्वतः कडक रोजे धरून त्या दुपारी एक वाजता पेटीचा दिवा बंद करीत आणि आम्हांला बाहेर काढीत. “उपास माझा आहे, तुमचा नाही. जा, जेवून या.” माणसाचे मोठेपण मला अशा वाक्यांत अधिक दिसते.

परंतु त्यांचे खरे ऋण वेगळे आहे. क्ष-किरण प्लेट आणि सोनोग्राफी यांचे वाचन एकत्र केल्यास स्तनांचा कर्करोग लवकर ओळखता येतो का, या विषयावरचा आमचा निबंध परदेशातील परिषदेत वाचायचा ठरला होता. मांडणी माझी होती, तक्ते माझे होते, आणि निष्कर्ष इतके उत्तम होते की मी प्रवासाची बॅगही घेऊन ठेवली होती. मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवले.

“या बायका पुन्हा तपासणीला आल्याच नाहीत. त्यांचं काय केलंत?”

“त्यांना निरोगी धरलंय, मॅडम. त्रास असता तर आल्या असत्या.”

“तुमचा दात दुखत होता गेला महिनाभर. गेलात दाखवायला?”

मी गेलो नव्हतो. निबंध थांबला, परिषद हुकली, आणि मी आठवडाभर मॅडमशी कामापुरतेच बोललो. त्यांनी माझ्या अबोल्याची दखल घेतली नाही. त्यांनी परत न आलेल्या स्त्रियांची यादी काढली आणि मला घेऊन उरणची एसटी पकडली. न्हावा शेव्याच्या कंटेनरांच्या रांगेमागे ती तासभर अडकली. द्रोणागिरीच्या भरावापलीकडे मिठागरांच्या बांधावरून आम्ही चालत गेलो. मॅडम पुढे, मी चिखल चुकवीत मागे.

यादीतल्या हिराबाई मिठागरावरच भेटल्या. आम्ही रुग्णालयातून आलो हे ऐकून त्यांना हसू आले.

“मना काय झालाय? तुमीच कागद दिलाव ना, सगला बरा हाय म्हनून!”

तो कागद त्यांनी घरी नेऊन, पेटीतून काढून, अभिमानाने दाखवला. खाली सही माझी होती. मॅडमनी हळूच विचारले, तेव्हा हिराबाई म्हणाल्या, “गाठ हाय बारकीशी. पन कागद बरा बोलतो, मंग कशाला येनार?”

“कागद चुकला, ताई. आमचा कागद चुकला. आजच चला.”

“आज? नि मीठ कोन उचलनार, तुमी?”

“हे आपटे उचलतील. तरणे आहेत.”

हिराबाई पुन्हा हसल्या आणि आल्या. शस्त्रक्रिया वेळेत झाली. आजही तपासणीला आल्या की त्या मला विचारतात, “डाक्टर, मीठ उचलाया कवा येताव?”

‘आमचा कागद’ असे मॅडम त्या दिवशी म्हणाल्या. त्या कागदावर त्यांची सही नव्हती. परतीच्या एसटीतही त्यांनी तो विषय काढला नाही. निबंध पुढे प्रसिद्ध झाला, तो फिक्या निष्कर्षांसह. पण त्यातील प्रत्येक नावाचे काय झाले हे आम्हांला ठाऊक होते.

आता त्यांच्या नकाराविषयी. गेल्या वर्षी मॅडमनी निदाने झाकून स्वतःच जुन्या प्लेटा पुन्हा वाचल्या. एक सावली त्यांच्या नजरेतून सुटली. कोणी विचारले नव्हते, कोणाला कळलेही नसते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अहवालांवर सही करणे थांबवले. हा निर्णय योग्य होता. “ज्या डोळ्यांचा मलाच भरवसा नाही, ते दुसऱ्याला काय शिकवणार?” हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अयोग्य आहे. तक्त्यावर ठेवलेले ते बोट डोळ्यांच्या जोरावर ठेवलेले नव्हते.

मागच्याच महिन्यात आमच्या दोन निवासी डॉक्टरांनी एका तक्त्यात परत न आलेल्या स्त्रियांना पुन्हा निरोगी धरले. मी ते पकडले आणि माझ्या पद्धतीने समजावले. तक्ता दुरुस्त झाला. दोघे माझ्याशी अजून बोलत नाहीत. आणि एसटी कोणीही पकडली नाही. मॅडमनी त्यांना हसवत बसमध्ये बसवले असते. चूक दाखवणे मला येते. चुकलेल्याला सोबत घेऊन त्या बाईच्या दारापर्यंत जाणे मला आलेले नाही, आणि या नव्या यादीतली नावे आज तशीच आहेत.

मॅडम, आपणांस उदंड आयुष्य लाभावे आणि ते उत्तम प्रकृतीत जावे, ही आम्हां सर्वांची इच्छा आहे. स्वतःची वार्षिक तपासणी आपण चुकवू नये, एवढे मी माझ्या पदरचे जोडतो. शिकवण्यासाठी दर मंगळवारी सकाळी दहाची वेळ आम्ही कोणालाही दिलेली नाही. आपला होकार, अथवा नकार कायम असल्यास त्याची कारणे क्रमवार, पंधरा दिवसांच्या आत माझ्याकडे लेखी पोहोचावीत. दूरध्वनीवरील ‘बघू’ हे उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही.